पाडणं आणि उतरवणं

आपा घाडींच्या हातांना स्वस्थता माहीत नव्हती. तोंडाने ते समोरच्याशी बोलत असायचे आणि हात दाराची बिजागरी हलवून बघत असायचे. आमच्याकडे चहाला आले की एका हातात कप आणि दुसऱ्या हाताने सासूबाईंच्या कुकरची मूठ घट्ट करणं चालू. "आपा, आधी चहा घ्या," म्हटलं तर म्हणायचे, "चहा कुठे पळून जातोय? ही मूठ मात्र आज-उद्या हातात येणार." मूठ खरंच हातात यायच्या बेतात असायची, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही यायचं नाही. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. आमच्या घरातल्या निम्म्या वस्तू त्यांनी शेवटच्या आवळल्या तशाच अजून आहेत.

मी परळमधल्या एका जुन्या चार मजली सोसायटीची सेक्रेटरी. हे पद मला निवडून मिळालं नाही, सापडून मिळालं. ऑफिसातून मीटिंगला उशिरा पोचले, तोवर बाकीच्यांनी माझं नाव लिहून मोकळं केलं होतं. तेव्हापासून पाणी आलं नाही की बेल माझ्या दाराची वाजते. आपा आमच्याकडे आले ते पंपासाठी. राहायला लालबागच्या चाळीत, गाव देवगडकडचं, आणि उमेदीची सगळी वर्षं गिरणीत फिटर म्हणून घालवलेली. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पंप, शिलाई मशीन, मिक्सर, छत्री, जे बिघडेल ते हातात घेतलं. मी पाहिलं तेव्हा साठी कधीच उलटली होती. किडकिडीत अंग, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पक्कड नसली तर चष्मा विसरल्यासारखा कावराबावरा चेहरा.

आमच्या मागच्या आवारात हापूसचं एक कलम आहे. कोणा जुन्या भाडेकरूने गावाहून आणून लावलेलं. पुढे कोणी ते छाटलं नाही म्हणून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत पोचलेलं. दर मे महिन्यात एका रविवारी आम्ही त्याचे आंबे काढायचो. वॉचमन तिवारी वर चढून फांद्या गदगदा हलवायचा, खाली आम्ही चौघं चादरीची चार टोकं धरून इकडून तिकडे धावायचो, आणि निम्मे आंबे चादरीच्या बाहेर फरशीवर आपटायचे. पोरंबाळं ओरडायची, मजा यायची. आंबे उतरवायचा कार्यक्रम म्हणून मी बोर्डावर नोटीससुद्धा लावायचे.

त्या रविवारी आपा पंपाच्या खोलीत होते. धपाधप आवाज ऐकून ग्रीसने माखलेले हात तसेच घेऊन बाहेर आले. वर बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"भैया, तू पहले नीचे आ," ते तिवारीला म्हणाले. "आम बाद में देखेंगे."

तिवारी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "आपा, अहो, आंबे उतरवतोय आम्ही. दरवर्षी असंच करतो."

"हे उतरवणं नाही, सेक्रेटरीबाई. हे पाडणं." त्यांनी फरशीवरचा एक आंबा उचलून माझ्यापुढे धरला. देठ मुळातून निघाला होता आणि तिथून चीक भळभळ सालीवर येत होता. "हा चीक जिथे लागला तिथे काळा डाग पडणार. आढीत पिकायच्या आधी हा देठाकडून कुजणार. वरून गोरा, आतून काळा. मग तुम्ही म्हणणार, झाडच वाईट."

"मग कसं करायचं?"

त्यांनी दोन बोटं आडवी धरून आंब्याच्या माथ्यावर ठेवली. "एवढा देठ राहिला पाहिजे. देठ म्हणजे आंब्याचं बूच. बूच काढून कोणी बाटली ठेवतं का?"

आणि तिवारी पूर्ण खाली उतरून जमिनीवर उभा राहीपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मला तेव्हा राग आला होता. पंप दुरुस्त करायला आलेल्या माणसाने सगळ्या सोसायटीसमोर सेक्रेटरीला मराठी शिकवावं, हे काही मला आवडलं नाही. पण नोटिशीतला शब्द मात्र डोक्यात अडकून बसला.

पुढे मला कळलं की देठाचं हे वेड फक्त आमच्या झाडापुरतं नव्हतं. दादरच्या बाजारात माझ्याबरोबर पंपाचा वायसर घ्यायला यायचे आणि वाटेत प्रत्येक आंबेवाल्यापुढे थबकायचे. आंबा उचलायचा, उलटा करायचा, देठ बघायचा, ठेवून द्यायचा. वास नाही, दाब नाही, भाव तर नाहीच नाही. एक आंबेवाला वैतागून म्हणाला, "काका, आंबा घ्यायचाय की मुलगी बघायला आलाय?" आपा म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो, पण माहेरच्यांनी हिसकून काढलीय." मला वायसर मिळायला त्या दिवशी दुपार झाली.

पुढच्या वर्षी ते आमच्याकडे झेला घेऊन आले. झेला म्हणजे लांब काठी, तिच्या टोकाला लोखंडी कडं, कड्याला जाळी आणि तोंडाशी धारदार पातं. खाली उभं राहून देठ पात्यात अडकवायचा, हलका हिसका द्यायचा, देठ कापला जातो आणि आंबा जाळीत येतो. कोकणात नवीन काही नाही. पण आपांचा झेला दरवर्षी वेगळा असायचा. पहिल्या वर्षीचं पातं देठ फारच आखूड कापायचं, म्हणून दुसऱ्या वर्षी त्यांनी हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा वाकवून कड्याच्या दोन बोटं वर बसवला. कड्याला फळ घासतं म्हणून त्यावर कुकरची जुनी गॅस्केट गुंडाळली. दोऱ्याची जाळी ओली झाली की जड होते म्हणून शीव कोळीवाड्यातल्या एका ओळखीच्याकडून मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा आणला. बांबूने खांदे भरून येतात म्हणून पडद्यांचे ॲल्युमिनियमचे पाइप एकात एक घालून काठी केली. आणि हे सगळं आमच्या त्या एकुलत्या एका झाडावर. त्या बिचाऱ्याला वाटत असेल, आपल्याला डॉक्टर लागलाय.

झेल्याचं खरं दुखणं वेगळं होतं. जाळीत तीन-चार आंबे झाले की काठी खाली घ्यावी लागते, रिकामी करावी लागते, पुन्हा वर न्यावी लागते. झाडावर चढलेला माणूस एका फांदीवर बसून हाताशी येतील तेवढे भराभर काढतो, टोपली दोरीने खाली सोडतो आणि पुढच्या फांदीवर जातो. म्हणजे वेगात झाडावरचा जिंकायचा. आपांना हे सहन व्हायचं नाही. ते मला पंपाच्या खोलीत उभं करून मनगटावरचं घड्याळ दाखवत हिशोब सांगायचे आणि मी पाणी कधी येणार म्हणून विचारायचे.

मग त्यांनी जाळीचा तळच कापून टाकला आणि त्याला कापडाची लांब बाही शिवली. आंबा कापला गेला की बाहीतून घसरत घसरत खाली टोपलीत. काठी खाली घ्यायलाच नको. जोरात आपटू नये म्हणून बाहीला जागोजागी चिमटे घेतलेले. कल्पना झकास होती. पहिल्या प्रयोगाला ते दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभे राहिले आणि बाहीचं टोक खाली सोडलं. वारा होता. बाही सरकत सरकत पहिल्या मजल्यावरच्या लेले काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. पहिला आंबा कापला गेला आणि बरोबर काकूंनी भिजत घातलेल्या साबुदाण्यात जाऊन बसला.

काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आपा, आंबा पोचला. पुढच्या वेळी बेल वाजवून पाठवा."

सगळे हसले. आपाही हसले, पण हसताना त्यांचं लक्ष आंब्याच्या देठाकडे होतं. देठ शाबूत होता.

त्याच दिवशी मी त्यांना विचारलं. ते पायरीवर पातं घासत होते. मी म्हटलं, "आपा, तुमची तिकडे बाग आहे का? एवढी धडपड कशासाठी?"

"पुतण्याला खाली आणायचंय," ते म्हणाले.

मला वाटलं गावाहून मुंबईला आणायचंय. मी म्हटलं, "इथे कुठे ठेवणार त्याला?"

"मुंबईत नाही हो. झाडावरून खाली."

मग पातं घासता घासता सांगितलं. बाग भावाची, वसंताची. आपा गिरणीत आणि धाकटा वसंता गावी. एका मे महिन्यात आपा रजेवर गेले असताना वसंता आंबे काढताना झाडावरून पडला तो पुन्हा उठला नाही. त्याचा मुलगा सुधाकर तेव्हा चार वर्षांचा. "मी झाडाखालीच होतो," आपा म्हणाले आणि पात्यावरून अंगठा फिरवून धार बघितली. आपांना स्वतःचं मूल नव्हतं. सुद्याची शाळा, आजारपणं, लग्न, सगळं त्यांनी लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून पाहिलं. सुद्या त्यांना काका म्हणत नसे, सगळ्या गावासारखा आपाच म्हणायचा, पण पहिला पगार, पहिली पोर, पहिला ताप, सगळ्याचा पहिला फोन इकडे. आणि एवढं करून हा सुद्या मोठा होऊन काय झाला, तर पंचक्रोशीत झाडावर चढणारा पहिल्या नंबरचा गडी.

"आंब्याचं लाकूड दगाबाज," आपा म्हणाले. "जांभळीची फांदी निदान कुरकुरते. ही काही न सांगता जाते. आणि वर ओंबिलांची घरटी. लाल मुंग्या डसल्या की हात आपोआप सुटतो."

तेव्हापासून त्यांचा मे महिना मला वेगळा दिसायला लागला. फोन वाजला की दचकायचे. सुद्याने फोन उचलला नाही तर हातातला पाना खाली ठेवून आवारात फेऱ्या मारायचे, पुन्हा लावायचे, पुन्हा फेऱ्या. त्याचा आवाज ऐकला की मात्र काही बोलायचे नाहीत. "नाय, सहज लायललंय," एवढंच.

दरवर्षी ते नवा झेला घेऊन गावी जायचे आणि दरवर्षी सुद्या त्यात एक खोट काढायचा. जड आहे. मान अवघडते. देठ आखूड राहतो. वेळ लागतो. खोट घेऊन आपा परत यायचे आणि वर्षभर तिच्यामागे लागायचे. मला कधीकधी सुद्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर आपांचाही. चाळिशीला आलेला माणूस ऐकत नाही तर सोडून द्यावं ना. पण सोडून देणं हे अवजार त्यांच्या पेटीत नव्हतं.

बाही जमली त्या वर्षी त्यांनी पक्की परीक्षा घ्यायची ठरवली, तीही आमच्या घरात. चाळीतल्या खोलीत जागा नव्हती. सासूबाईंच्या पलंगाखाली गवत पसरून तीन आढ्या लागल्या. एक तिवारीने खालूनच काठीने पाडलेल्या आंब्यांची, प्रत्येकाच्या माथ्याला डिंकाने चिकटवलेला लाल दोरा. एक गॅलरीतून हात पोचेल तेवढे कात्रीने कापून घेतलेल्यांची, पांढरा दोरा. आणि एक झेल्याने उतरवलेल्यांची, हिरवा दोरा. रोज संध्याकाळी आपा यायचे आणि बॅटरी घेऊन पलंगाखाली शिरायचे.

"आपा, वर मी झोपलेय एवढं ध्यानात असू द्या," सासूबाई म्हणायच्या.

"तुम्ही झोपा, आई. मी फक्त लाल दोरेवाल्यांना बघून निघतो."

आठव्या दिवशी मी ऑफिसात असताना नणंदेच्या सासरची माणसं न सांगता आली. सासूबाईंनी पाहुण्यांना काय करावं? पलंगाखाली हात घातला, तिन्ही आढ्यांतले पिकलेले आंबे काढले आणि पातेलंभर रस केला. त्यांच्या लेखी आंबा तो आंबा. संध्याकाळी आपा बॅटरी घेऊन आले आणि पलंगाखालून बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मला वाटलं आता हा माणूस रडणार.

बाहेर आले आणि शांतपणे विचारलं, "साली कुठायत?"

साली ओल्या कचऱ्याच्या बादलीत होत्या. आपांनी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, बादली त्यावर ओतली आणि उकिडवे बसून एकेक साल सरळ करायला लागले. देठाकडचा भाग वर, दोरा ज्याचा त्याला. शेजारच्या गॅलरीतून लोक बघत होते. मी शरमेने आत गेले आणि पुन्हा बाहेर आले, कारण मलाही आता बघायचं होतं. लाल दोऱ्याच्या सालींवर काळे ओघळ. पांढऱ्या दोऱ्याच्या स्वच्छ. हिरव्या दोऱ्याच्याही स्वच्छ.

"झेला हाताच्या बरोबरीला आला," आपा म्हणाले. त्यांनी तीच गोष्ट मला दोनदा सांगितली, मग सासूबाईंना जाऊन सांगितली.

"रस गोड होता, तेही लिहून ठेवा," सासूबाई म्हणाल्या.

त्या वर्षी ते गावी गेले ते उड्या मारत. आठ दिवसांसाठी गेलेला माणूस चौथ्या दिवशी परत. मी पंपाच्या खोलीत गाठलं तर उत्तरं तुटक. मग हळूहळू निघालं. शर्यत लागली होती. एक झाड सुद्याने वर चढून केलं आणि शेजारचं त्याच्या बायकोने, रूपालीने, खाली उभं राहून बाहीच्या झेल्याने. सुद्या चहा पिण्याएवढा वेळ आधी आटपला. पण त्याच्या टोपलीत देठ तुटलेले आंबे निघाले आणि रूपालीच्या टोपलीत एकही नाही. पेट्या भरणाऱ्याने तिचे आंबे आधी उचलले. वाडीतल्या दोन बायका दुसऱ्या दिवशी झेला बघायला आल्या.

"मग उत्तमच की, आपा. सुद्या काय म्हणाला?"

"काय म्हणणार? दुसऱ्या झाडावर चढला."

"पण का? आता काय खोट राहिली?"

आपा पंपाचा नट आवळत होते. तो पुरता आवळून झाला होता तरी आवळत होते. "झेल्यात नाही राहिली," ते म्हणाले.

सुद्या मुंबईला आला तो त्याच मे महिन्याच्या शेवटी. दरवर्षी टेम्पोतून पेट्या आणून लालबाग, परळ, गिरगाव असा घरोघर पोचवायचा. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. उंच, काळासावळा, हसरा, दोन पेट्या एका खांद्यावर घेऊन जिना चढणारा. लेले काकू तर त्याच्यावर खूशच झाल्या. पेट्या देऊन तो मागच्या आवारात आला, तिथे आपा झेला जोडून त्याची वाट बघत उभे होते. आमच्या झाडाच्या शेंड्याला थोडे आंबे त्यांनी मुद्दाम ठेवले होते. मी पाण्याच्या टाकीपाशी माणसाकडून गाळ काढून घेत होते, त्यामुळे जे झालं ते माझ्या कानांवर पडलं. पडलं नसतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं.

"एकदा हातात घेवन बघ," आपा म्हणाले.

सुद्याने वर बघितलं, हसला आणि चपला काढायला लागला. "कित्याक तां? हेच्यार चढाक माका दोन मिन्टां लागतली."

"चढू नको. ह्यो घे."

"आपानू, सोडा ओ. ह्यां बायकांचां काम. सगळी वाडी हसात माका."

आपांनी झेला भिंतीला टेकवला. मला आठवतं, त्यांचे दोन्ही हात रिकामे होते आणि ते कुठल्याही वस्तूकडे गेले नाहीत.

"ह्यांच मी तुझ्या बापाशीक बोललंय," ते म्हणाले.

सुद्या एका पायात चप्पल घेऊन थांबला.

"त्या दिवशी वसंताच्या हातात झेलो होतो. तो खालसून काढी होतो. मी मुंबयसून इललंय, नवो शर्ट, चार माणसां बाजूक. मी म्हटलंय, काय रे बायल्या, चढाक भियातंस? सगळी हसली. तेना झेलो टाकल्यान आणि चढलो." आपांचा आवाज चढला नाही की फुटला नाही. "तो पडाक नाय, सुद्या. मी पाडलंय तेका."

गाळ काढणारा माणूस माझ्याकडे बघत होता. मी त्याला हातानेच थांब म्हटलं. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी मिक्सर चालू होता.

"आवशीक म्हायत आसा?" सुद्याने विचारलं.

"नाय. कोणाकच नाय. तेव्हा हसलेले आता कोण उरले नाय."

सुद्याने चप्पल पायात घातली. जिन्यापाशी ठेवलेली रिकामी पेटी उचलली आणि गेटमधून बाहेर पडला. टेम्पो निघाल्याचा आवाज आला. आपांच्या खोलीवर तो त्या रात्री जेवायला जायचा होता. गेला नाही.

मला आपांचा संताप आला. त्यांनी तेव्हा जे केलं त्याचा नाही, ते तर तिशीतल्या कुठल्याही हुशारी मारणाऱ्या माणसाने केलं असतं. संताप आला तो आता सांगितल्याचा. पस्तीस वर्षं ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याला एका वाक्यात घालवलं. मी तसं तोंडावर म्हणालेही. "काय गरज होती, आपा? तुमच्या म्हातारपणी तुम्हाला त्याच्याशिवाय कोण आहे?"

"झेल्यातल्या सगळ्या खोटी काढून झाल्या होत्या, बाई," ते म्हणाले. "मी दरवर्षी काठी बदलत बसलो. त्याला काठी नको होती कधीच. त्याला तो शब्द नको होता. आणि तो शब्द त्या घरात आणला कोणी? मीच ना?"

"तरी उतरला नाही तर?"

"तर मग दोन्ही गेलं," आपा म्हणाले आणि झेल्याचे पाइप एकात एक घालून आवरायला लागले.

त्यानंतर वर्षभर सुद्याचा फोन नाही. गणपतीला आपा गावी गेले नाहीत, पहिल्यांदाच. आमच्याकडे यायचे, पंप बघायचे, चालू पंप खोलून पुन्हा जोडायचे. एकदा मी सासूबाईंचा पलंग हलतोय अशी थाप मारली, तेवढंच त्यांना काम. चारही पायांचे स्क्रू काढून परत बसवून गेले. सासूबाईंनी तेवढा वेळ मुकाट्याने खुर्चीत काढला. आपा गेल्यावर म्हणाल्या, "पलंग काही हलत नव्हता गं." मी म्हटलं, माहीत आहे. मे महिना लागला तसा त्यांनी आमचं झाड पाच-सहा वेळा खालून वरपर्यंत न्याहाळलं, पण झेला आणला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "थांबा, अजून खांदे भरले नाहीत फळाचे." फळाचे खांदे भरून, म्हणजे ते काढायजोगं होऊन, आठवडा झाला होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच मे महिन्यात. पुढे पावसाळ्यात ते झोपेतच गेले, त्या वेळी मी मुंबईत नव्हते.

सकाळी साडेआठची वेळ. पंपाचा आवाज येतो म्हणून आपांना बोलावलं होतं. माझ्या मोबाइलवर रूपालीचा व्हिडिओ कॉल आला. आपांचा फोन साधा, त्यामुळे काही दाखवायचं असलं तर तिचा फोन मला यायचा. वर्षभर तोही आला नव्हता. मी फोन त्यांच्या हातात दिला. चेहऱ्याच्या फार जवळ धरून ते त्यात बघायला लागले. रूपाली बागेत होती. मागे पानं हलत होती आणि रेंज तुटत होती.

"आपानू, दिसता मां?"

"दिसता. सुद्या खंय?"

"हंयच आसा. आंबे काढता."

"खंयसून?"

"खालसून. आज चार दिवस झाले. वाडीत कोण काय बोललो तर तेच्याच अंगार जाता." ती आवाज खाली आणून म्हणाली, "पण आपानू, तो तुमच्याशी बोलणा नाय. माका म्हणता, त्यांचा नाव काढू नको. मी गपचूप लायलंय फोन."

"नको बोलांदे," आपा घाईघाईने म्हणाले. "तेका सांगू पण नको. माका फक्त तेचे पाय दाखव."

"पाय?"

"पाय जमनीर आसत मां? ते दाखव."

रूपालीने फोन फिरवला. मी आपांच्या खांद्यावरून बघितलं. तांबडी माती, वाळका पाचोळा, आणि त्यात दोन उघडे, धुळीने भरलेले पाय. टाचा किंचित उचललेल्या, वर ताण देणाऱ्या माणसाच्या असतात तशा. एक पाय पुढे सरकला, मग दुसरा. चेहरा दिसत नव्हता. कापडाच्या बाहीतून एक आंबा घसरत आल्याचा बारीक आवाज आला. आपांचा श्वास मला ऐकू येत होता. मग चित्र थिजलं, तुकडे तुकडे झालं आणि फोन बंद पडला.

मी हात पुढे केला, पण त्यांनी फोन परत दिला नाही.

"पुन्हा लागेल का?" त्यांनी विचारलं.

"लावते ना. त्याला काही सांगायचंय?"

"नाही, नाही. सांगायचं काही नाही," आपा म्हणाले. "पाय बघायचेत."